जीआयएसच्या एमएस्सीसाठी एफडी मोडायची का?

दादा, मेसेज नीट वाचला. मुलीचं कराडला भूगोलात बीएस्सी झालं, आता पुण्यातल्या एका खाजगी युनिव्हर्सिटीत जीआयएसच्या (म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे बनवणं आणि जागेची माहिती त्यावर मांडणं) एमएस्सीला नंबर लागतोय, फी-हॉस्टेल धरून दोन वर्षांचे आठ लाख, आणि तुमची नऊ लाखांची एफडी मोडून ते भरावे का, रिटायरमेंट तीन वर्षांवर आलीय. माझं स्पष्ट मत, पोरीला शिकवा पण एफडीला हात लावू नका. आठ लाख परत जमवायचे तर रिटायर होईपर्यंत महिन्याला बावीस हजार बाजूला टाकावे लागतील, तुमच्या पगारात ते बसत नाही.

आता फील्डबद्दल, कारण सगळं गणित त्यावर आहे. काम आहे आणि वाढतंय. २०२१ मध्ये केंद्राने नकाशे आणि सर्व्हेच्या डेटावरची बरीच बंधनं काढली, २०२२ च्या शेवटी राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं, गावठाणांची ड्रोनने मोजणी करणारी स्वामित्व योजना तर तुम्हाला माहीत असेलच. पण फ्रेशरला पहिलं काम काय मिळतं ते बघा: सॅटेलाइट इमेज स्क्रीनवर उघडायची, एकेक घर, विहीर, रस्ता माउसने क्लिक करत गिरवायचा, मग टेबलमध्ये त्याची माहिती भरायची, आणि दिवसाचं टार्गेट असतं ते संपवूनच उठायचं. पगार वीस-पंचवीस हजारांच्या आसपास, काही ठिकाणी त्याहून कमी, बऱ्याचदा कॉन्ट्रॅक्टवर. पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा), डेटाबेस, वेब मॅपिंग (वेबसाइटवर चालणारे नकाशे बनवणं) येत असेल तर पगार आयटीच्या जवळ जातो. गिरवणाऱ्याकडे आणि पायथनवाल्याकडे डिग्री तीच असते हो, म्हणून म्हणतोय की महागड्या डिग्रीने पगार वाढेल असं धरून चालू नका.

मग पूर्ण आठ लाखांचं कर्ज काढावं का? तेही नको. १० टक्के व्याज धरा. शिकताना आणि नंतरचे सहा महिने हप्ता नसला तरी व्याज चढतच राहतं, ते दीड लाखाच्या वर जातं, म्हणजे फेडायला सुरुवात होईल तेव्हा साडेनऊ लाखांच्या पुढे, आणि सात वर्षांत फेडायचं तर हप्ता सोळा हजारांच्या आसपास. पंचवीस हजारांत पुण्यात रूम, डबा, प्रवास भागवून सोळा हजार कुठून भरणार ती? शेवटी तो हप्ता तुमच्या पेन्शनवर येणार. व्याजावर टॅक्समध्ये वजावट मिळते असं कोणी सांगेल, ती जुन्या रिजीममध्येच आहे आणि एवढ्या पगाराला मुळात टॅक्सच लागत नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात जिओइन्फर्मेटिक्सची, म्हणजे याच विषयाची, एमएस्सी आहे, सरकारी विद्यापीठ असल्याने फी खाजगीच्या मानाने खूप कमी. एंट्रन्स द्यावी लागते, ती मनापासून द्यायला सांगा. तिथे राहण्या-खाण्यासकट तीन लाखांचं कर्ज काढलं तर हप्ता सहा हजारांच्या आत राहतो, तो ती स्वतःच्या पगारातून फेडू शकते. पुढे गेट, म्हणजे एमटेकची एंट्रन्स, दिली (२०२२ पासून त्यात जिओमॅटिक्सचा, म्हणजे सर्व्हे-नकाशांचा, वेगळा पेपर आहे) आणि एमटेकला लागली तर महिन्याला १२,४०० स्टायपेंडही असतो.

यंदा नंबर नाही लागला तर एक वर्ष थांबा. गॅप पडला की घरात लगेच लग्नाचा विषय निघतो, माहितीये मला, पण त्या भीतीने आठ लाख भरू नका प्लीज. तेवढ्या वर्षात क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिकता येतं, ते फुकट आहे, डेहराडूनच्या आयआयआरएसचे, म्हणजे इस्रोचेच, फुकट ऑनलाइन कोर्स असतात, जोडीला पायथन करू दे आणि तुमच्याच तालुक्याचा पाणी किंवा पिकांचा एखादा नकाशा स्वतः बनवू दे, इंटरव्ह्यूला तो दाखवता येतो.

आणि तरीही मुलीचं मन त्या खाजगी कॉलेजवरच असेल तर फी भरायच्या आधी त्यांच्याकडून मागच्या दोन बॅचचा हिशोब लेखी मागा: बॅचमध्ये किती होते, किती जणांना नोकरी लागली, कोणत्या कंपनीत, आणि मधला पगार (सगळे पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा) किती, सगळ्यात मोठं पॅकेज नको. युनिव्हर्सिटी पीएम विद्यालक्ष्मीच्या (केंद्राची शैक्षणिक कर्जाची योजना) यादीत आहे का तेही बघा, त्यात तारण आणि जामीनदार लागत नाही. हे हातात आलं की मला पाठवा, आणि फीची शेवटची तारीख पण कळवा.