न्यू जर्सीत घर घेतलं, आता स्टँडर्ड डिडक्शन सोडून आयटमाइज करावं का?

२०२५ च्या सप्टेंबरात घर घेतलंत, रिटर्न नवरा-बायको मिळून भरणार, दोघांचं उत्पन्न साधारण १,८०,००० डॉलर आणि मॉर्गेजवर वर्षाला २४,००० च्या आसपास व्याज, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावरून माझं उत्तर: २०२५ च्या रिटर्नला स्टँडर्डच घ्या, म्हणजे सगळ्यांना सरसकट मिळणारी ठरावीक वजावट. आयटमाइज करायची, म्हणजे त्याऐवजी व्याज, टॅक्स, देणग्या असे प्रत्यक्ष खर्च एकेक दाखवून वजा करायची पाळी त्याच्या पुढच्या वर्षी येईल.

‘घर घेतलं की टॅक्स वाचतो’ हे इथल्या प्रत्येक गेट-टुगेदरला कुणीतरी सांगतोच. पूर्वी ते बऱ्यापैकी खरं होतं. २०१८ पासून स्टँडर्ड डिडक्शन जवळजवळ दुप्पट झालं आणि स्टेट टॅक्स व प्रॉपर्टी टॅक्स मिळून १०,००० डॉलरच धरता येऊ लागले. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स तुम्हाला आता कळला असेलच! २०२५ पासून ही मर्यादा ४०,००० झाली, म्हणून जुना सल्ला पुन्हा थोडाफार लागू पडायला लागलाय.

तुमचं २०२५ मांडून बघू. चार महिन्यांचं व्याज ८,०००. प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला ११,५०० धरला तर तुमच्या वाट्याला ३,८००. स्टेट टॅक्स अंदाजे ७,५००, देणग्या १,५००. बेरीज २०,८००. दोघांचं मिळून स्टँडर्ड ३१,५००, आणि त्याला एकही पावती लागत नाही. क्लोजिंगला, म्हणजे घराचा व्यवहार पुरा होताना, पॉइंट्स (व्याजदर कमी करून घ्यायला बँकेला आगाऊ दिलेले पैसे) भरले असतील तर ते मात्र विसरू नका. यंदा आयटमाइज केलं नाही म्हणून ते वाया जात नाहीत, कर्जाच्या मुदतीवर विभागून पुढे दाखवता येतात.

२०२६ मध्ये व्याज पूर्ण २४,०००, दोन्ही टॅक्स मिळून १९,०००. देणग्यांना नवा नियम आहे: आयटमाइज करणाऱ्यांना उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतची रक्कम धरता येत नाही. तुमचे ९०० त्यात गेले, उरले ६००. एकूण ४३,६००. दुसरीकडे स्टँडर्ड ३२,२००, आणि २०२६ पासून स्टँडर्ड घेणाऱ्या जोडप्यालाही २,००० पर्यंतच्या रोख देणग्या वेगळ्या दाखवता येतात, म्हणजे ३३,७००. फरक ९,९०० चा. तुमच्या उत्पन्नाच्या वरच्या भागावर २२ टक्के टॅक्स लागतो, तेव्हा हातात पडणार २,१७८ डॉलर. लोक चुकतात ते इथे. २४,००० व्याज भरलं म्हणजे २४,००० वर टॅक्स वाचला, असं त्यांना वाटतं. स्टँडर्ड तर घर नसतं तरी मिळालंच असतं. त्याच्या वर जेवढं जाईल तेवढाच घराचा फायदा, आणि तेवढ्यासाठी मोठं घर घेऊ नये.

भारतातल्या ८०सी ची (गुंतवणुकीवर टॅक्स वाचवणाऱ्या कलमाची) सवय असेल तर ४०१के, म्हणजे नोकरीतून होणारी निवृत्तीची बचत, यात धरायचा मोह होतो. तो पगारातून आधीच वजा झालेला असतो, तुम्ही काहीही निवडलंत तरी. भारतात, समजा पुण्याला, फ्लॅट असेल तर त्याचा प्रॉपर्टी टॅक्सही चालत नाही. तिथल्या गृहकर्जाचं व्याज, फ्लॅट भाड्याने दिलेला नसेल तर दुसरं घर म्हणून बसू शकतं, पण ते सीपीएला (इथल्या सीएला) दाखवूनच करा. गावच्या देवळाला पाठवलेले पैसे धरता येत नाहीत. संस्था अमेरिकेत नोंदलेली हवी, आणि २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीला त्यांचं पत्र हवं.

वेगवेगळी रिटर्नं भरून एकाने सगळा खर्च दाखवायचा आणि दुसऱ्याने स्टँडर्ड घ्यायचं, ही युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. एकाने आयटमाइज केलं की दुसऱ्यालाही करावंच लागतं.

बँकेकडून येणारा फॉर्म १०९८ (वर्षभरात भरलेल्या व्याजाचा दाखला) आणि प्रॉपर्टी टॅक्सचं बिल मात्र यंदाही जपून ठेवा. न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये स्टँडर्ड-आयटमाइज हा प्रकारच नाही. तिथे राहत्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स १५,००० पर्यंत वजा करता येतो, तेव्हा ते ३,८०० तिकडे याच वर्षी उपयोगी पडतील.