साखरेचा पॉलिमर करायला गेले, जेली झाली

प्रश्न: मी बेळगावात एम.एस्सी. केमिस्ट्री करतेय, गाव संकेश्वरजवळ, घरी ऊस. प्रोजेक्टसाठी ग्लुकोजवर मेथाक्रिलॉइल क्लोराइड टाकून डबल बाँड बसवला, मग एआयबीएन (पॉलिमरची साखळी सुरू करून देणारा पदार्थ) घालून ७० डिग्रीला ठेवलं तर फ्लास्कमध्ये जेली! डीएमएफसारख्या सॉल्व्हंटमध्येपण विरघळेना, नुसती फुगते. सर म्हणतात एआयबीएनचं प्रमाण बदलून बघ. आणि पप्पा विचारतात, हे साखरेचं प्लास्टिक शेतात टाकलं तर कुजतंय काय?

उत्तर: एआयबीएनशी खेळून काय उपयोग नाही हो, गडबड त्याच्या आधीच झालीय. ग्लुकोजला ओएच (जिथं डबल बाँड बसू शकतो त्या जागा) पाच, आणि मेथाक्रिलॉइल क्लोराइड काय मोजून बसत नाही, कुठल्या रेणूवर एक, कुठल्यावर दोन, तीनसुद्धा. ज्याच्यावर दोन बसले तो एकाच वेळी दोन साखळ्यांत शिरतो आणि त्यांना एकमेकींशी बांधून टाकतो, असे रेणू थोडेच असले तरी पुरतात, सगळं जाळं होऊन बसतं. जाळं फुगतं खरं, विरघळत नाही.

म्हणून आधी ग्लुकोज, ॲसिटोन आणि ॲसिड कॅटॅलिस्ट घेऊन डायॲसिटोन ग्लुकोज करा. चार ओएच झाकले जातात, तिसऱ्या कार्बनवरचा तेवढा मोकळा राहतो, त्याच्यावर पिरिडीनमध्ये मेथाक्रिलिक ॲनहायड्राइड चढवा. मग कॉलममधून शुद्ध करून घ्या, कंटाळा करू नका. एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन दाखवणारी तपासणी) ५.६ आणि ६.१ पीपीएमच्या आसपास डबल बाँडचे दोन सिग्नल आणि ५.९ ला साखरेच्या पहिल्या कार्बनवरच्या हायड्रोजनचा डब्लेट (जोडसिग्नल) दिसेल, तिघांचं इंटिग्रेशन (सिग्नलखालचं क्षेत्रफळ) १:१:१ आलं तरच पुढं जायचं. एआयबीएन टाकून गरम करायच्या आधी नायट्रोजन नीट सोडा, ऑक्सिजन रॅडिकल खाऊन टाकतो. शेवटी ८० टक्के फॉर्मिक ॲसिडमध्ये रूम टेंपरेचरला दोनेक दिवस ठेवलं की झाकणं निघतात, लहान रेणू बाहेर काढायला डायलिसिस करा, आणि आधी पाण्याला दाद न देणारा तोच पॉलिमर पाण्यात विरघळायला लागतो. एकाच साखळीवर खूप साखरा असल्या की साखर ओळखणारी प्रोटीन्स त्यांना सुट्या साखरेपेक्षा कितीतरी घट्ट धरू शकतात, तुमच्या पॉलिमरला धरतात का हे प्रोजेक्टला जोड म्हणून करून बघण्यासारखं आहे.

आता पप्पांचं. नाही कुजत. साखर नुसती बाजूला लोंबतेय, कणा कार्बन-कार्बनचा, ॲक्रिलिक शीटचा असतो तोच. कुजणारं पाहिजे तर साखर आंबवून लॅक्टिक ॲसिड आणि त्याचं पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड), त्याच्या कण्यातच एस्टरचे जोड असतात, पाण्यानं तुटतात. खरं तेसुद्धा ५०-६० डिग्रीच्या तापलेल्या कंपोस्टमध्ये, उसाच्या बांधावर टाकलं तर लवकर काय होत नाही.