दाबूनही न जाणारा ठिपका

"मॅडम, हे बघाच," म्हणत समोर बसलेल्या गृहस्थांनी मोबाईल पुढे केला. पोटावरच्या आणि छातीवरच्या लाल ठिपक्यांचे फोटो, तारीखवार. वय ४१. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) काचेचा ग्लास दाबला आणि ठिपका फिका पडला नाही, तर त्वचेखाली रक्त झिरपतंय, असं त्यांनी वाचलं होतं. यांचे ठिपके काही फिके पडेनात. तिथून मन थेट ब्लड कॅन्सरवर. चार महिने झोप नाही.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"भीती वाटते. त्यांनी तेच सांगितलं तर?"

मी मनाच्या तक्रारी ऐकते; त्वचेचं निदान हे माझं काम नव्हे. ताप, हिरड्यांतून रक्त, उगाच पडणारे काळे-निळे डाग, एवढं मात्र विचारलं. यातलं काही असतं, तर गप्पा तिथेच थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं असतं. नव्हतं. तरी पुढची भेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवल्यावरच, असं ठरलं.

निदान निघालं चेरी अँजिओमा. बारीक रक्तवाहिन्यांचे निरुपद्रवी पुंजके, तिशीनंतर पुष्कळांना येतात. आणि गंमत अशी, की तेही दाबून बरेचदा पूर्ण जात नाहीत. रक्तस्रावाचे ठिपके सपाट, टाचणीच्या टोकाएवढे, बहुधा पायांवर एकदम उमटतात आणि काही दिवसांत रंग बदलत विरतात. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीत, प्लेटलेट २,४०,०००. दीड ते साडेचार लाख म्हणजे ठीक.

सुटकेचा निःश्वास आठवडाभर टिकला. मग "लॅबची चूक असेल तर?" हे मला अपेक्षितच होतं. भीतीला रिपोर्ट पुरत नाही.

बोलताना त्यांचा अंगठा शर्टाच्या बटणांमधून आत जाऊन एकच जागा दाबत होता. भोवतालची कातडी लालभडक झालेली. "हा लालपणा कुणाचा?" मी विचारलं. त्यांनी हात काढून घेतला.

मग त्यांचेच फोटो समोर ठेवले. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत चार महिन्यांचं अंतर, बेंबीच्या डावीकडचा ठिपका होता तसाच. ते बराच वेळ बघत राहिले.

तपासणं एकदम बंद करा, असं मी सांगत नाही. ते जमत नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी, अंघोळीनंतर, ग्लासशिवाय. पहिल्या आठवड्यात त्यांनी बुधवारीही पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात रविवारच विसरले.