पुण्याहून बेंगळुरूला: घर आधी ठरवायचं की सामान आधी पाठवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातून बेंगळुरूला नोकरी लागली आहे, ऑफिस बेळंदूरला, रुजू व्हायला दीड महिना. बरोबर बायको आणि दुसरीतली मुलगी. फोटो-व्हिडिओ बघून इथूनच घर पक्कं करावं आणि सामान थेट त्या पत्त्यावर पाठवावं का? आणि 10 महिन्यांचं डिपॉझिट मागतात हे खरं का?

पुण्यातून घर पक्कं करू नका. आधी तुम्ही एकटे या, ऑफिसजवळ दोन-तीन आठवडे पीजीत किंवा सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये राहा, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी घरं बघा. करारावर सही होऊन किल्ली हातात आली की मग पुण्यात ट्रक बोलवा. कंपनी शिफ्टिंगचा खर्च देणार असेल तर सुरुवातीच्या राहण्याचा खर्चही एचआरकडे मागा. पुष्कळ ठिकाणी तो मिळतो, पण आपणहून कोणी सांगत नाही.

मी मूळचा सांगलीचा, आता बरीच वर्षं बेंगळुरूत आहे आणि नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींबरोबर घरं बघायला जाणं हा माझा रविवारचा उद्योग झालाय. त्या अनुभवावरून सांगतो, व्हिडिओत घराचं सगळं दिसतं, फक्त पाणी दिसत नाही. आणि बेळंदूरच्या बाजूला घर घेताना पहिला प्रश्न पाण्याचाच.

या शहराला कावेरीचं पाणी साधारण 100 किलोमीटरवरून, तेही चढावर पंप करून आणावं लागतं. जुन्या भागांत ते पूर्वीपासून आहे. 2007 मध्ये महापालिकेत आलेल्या बाहेरच्या 110 गावांसाठी कावेरी योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला, पण पाइप गल्लीत येणं आणि सोसायटीने कनेक्शन घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ते नसेल तिथे बोअर आणि टँकर. 2024 च्या उन्हाळ्यात बोअर आटले तेव्हा चांगल्या चांगल्या सोसायट्यांत पाण्याच्या वेळा ठरवून दिल्या होत्या. एजंटला विचारलंत तर तो ‘कावेरी आणि बोअर, चोवीस तास’ असंच सांगणार. ते ऐकून घ्या आणि खाली येऊन वॉचमनला विचारा: दिवसाला टँकर किती येतात, आणि एप्रिलमध्ये किती येत होते? वॉचमन बहुतेक वेळा ओडिशाचा, आसामचा नाहीतर नेपाळचा असतो, त्याच्याशी हिंदी चालतं आणि खोटं बोलण्यात त्याचा फायदा नसतो. मग बाथरूममध्ये जाऊन नळाचं तोंड बघा. पांढरा कडक थर जमलेला असेल, शॉवरची निम्मी भोकं बुजलेली असतील, तर बोअरचं जड पाणी आहे. गीझरची कॉइल, वॉशिंग मशीन आणि बायकोचे केस या तिन्हींची तक्रार वर्षभरात तुमच्याकडे येईल. सॉफ्टनर प्लांट, म्हणजे जड पाणी मऊ करणारं यंत्र, आहे का, टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा, हे तिथेच विचारा. उन्हाळ्यात पाण्याचं बिल वेगळं आलं की महिन्याचं गणित बिघडतं.

पाण्याची दुसरी बाजू पावसाळ्यात दिसते. सप्टेंबर 2022 मध्ये बेळंदूर, आउटर रिंग रोड आणि सर्जापूर रोडच्या कडेच्या महागड्या वसाहतींतून लोकांना ट्रॅक्टर आणि बोटींतून बाहेर काढलं होतं. तळ्याच्या किंवा राजकालुवेच्या, म्हणजे इथल्या मोठ्या नाल्याच्या, कडेला तळमजल्याचं घर स्वस्त मिळत असेल तर ते का स्वस्त आहे हे समजून घ्या. पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे का, तेही बघा.

भागाबद्दल. पुण्यातून येणाऱ्याला मल्लेश्वरम, बसवनगुडी, जयनगर एका फेरीत आवडतात. झाडं, देवळं, फुलवाल्या, सकाळी फिल्टर कॉफी. राहायला उत्तमच. पण बेळंदूरला रोज तिथून यायचं म्हणजे शहर आडवं कापायचं, आणि सिल्क बोर्डच्या चौकातली वाहतूक कोंडी काय चीज आहे हे तुम्ही ऐकलं असेलच. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता मॅप उघडून मोजा. एचएसआर लेआउट मला तुमच्यासाठी बरा वाटतो. विकास प्राधिकरणाने आखलेला भाग असल्याने रस्ते आणि कावेरीचं पाणी बरं, चालत दुकानं आहेत, पण भाडं चढं. त्याच पैशात हरळूर, कसवनहळ्ळी किंवा सर्जापूर रोडला मोठा फ्लॅट, स्विमिंग पूल, क्लबहाऊस मिळेल आणि टँकरही. रिंग रोडवरच्या मेट्रोच्या भरवशावर घर घेऊ नका, गाडी धावत असेल तरच ती हिशेबात धरा. मुलगी लहान आहे, तेव्हा आधी शाळा आणि मग शाळेच्या बसच्या वाटेवर घर, असा क्रम लावा.

आता डिपॉझिट. 10 महिन्यांची पद्धत होती, काही जुने घरमालक अजूनही तोंडातून तोच आकडा काढतात. हल्ली सोसायटीच्या फ्लॅटला 5-6 महिने सर्रास चालतं, थोडी घासाघीस केलीत तर 3-4 वरही येतात. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी जास्तीत जास्त 2 महिने म्हटलंय, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. इथल्या मालकाला त्याचा दाखला दिलात तर तो हसून पुढच्या भाडेकरूला फोन लावेल. भाडं 35,000 आणि डिपॉझिट 6 महिने धरलं तर 2,10,000 रुपये एकदम द्यावे लागतात. पुण्यातलं डिपॉझिट तुमच्या हातात येण्याआधी हे जाणार, त्यामुळे मधल्या दोन महिन्यांची सोय आत्ताच करून ठेवा.

भाडं कमी करायला मालक सहज तयार होत नाहीत, डिपॉझिट आणि पेंटिंगवर मात्र बोलता येतं. इथे घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापायची रूढी आहे, तुम्ही सहा महिने राहा की सहा वर्षं. आत जाताना घर रंगवलेलं नसेल तर हे कलम काढायला लावा. निदान ‘प्रत्यक्ष खर्च, बिल दाखवून’ असं लिहून घ्या. किल्ली घेतल्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचा, ओट्याचा, कपाटांच्या आतल्या बाजूचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. आणखी एक, इथे आषाढात लोक नव्या घरात जात नाहीत. त्या महिन्यात रिकामी राहिलेली घरं असतात आणि मालकाचा सूरही जरा नरम असतो. तुम्हाला मुहूर्ताचं काही नसेल तर त्याचा फायदा घ्या.

भाड्याच्या जाहिरातींत ‘लीज’ असा पर्याय दिसेल. त्यात दरमहा भाडं नाही, पण 15-20 लाख किंवा जास्त रक्कम एकदम द्यायची आणि दोन-तीन वर्षांनी परत घ्यायची. ऐकायला छान वाटतं. पण मालकाने ती रक्कम कुठेतरी गुंतवलेली किंवा कर्ज फेडायला वापरलेली असते, फ्लॅटवर बँकेचा बोजा असेल तर तुमचा नंबर बँकेनंतर. मधला दलाल पैसे घेऊन पसार झाल्याच्या पोलीस तक्रारी या शहरात झालेल्या आहेत. नव्या माणसाने या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कराराची पद्धतही वेगळी आहे. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 मुळे 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सही नोंदवावा लागतो, एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो. इथे 11 महिन्यांचा करार ई-स्टॅम्प पेपरवर करतात, फार तर नोटरी. नोंदणी नाही म्हणून घाबरू नका, पण म्हणूनच करारातला शब्द न् शब्द वाचा: नोटीस किती महिन्यांची, लॉक-इन, म्हणजे घर सोडता येणार नाही अशी मुदत, आहे का, दरवर्षी वाढ किती टक्के, डिपॉझिट किती दिवसांत परत. समोरचा खरंच मालक आहे का, हे बघायला वीज मंडळाचं, म्हणजे बेस्कॉमचं, बिल आणि मालमत्ता कराची पावती मागा आणि नाव जुळवा. पैसे फक्त त्या नावाच्या बँक खात्यात. ‘मी सैन्यात आहे, पोस्टिंग लांब आहे, घर बघायला गेट पाससाठी आधी थोडे पैसे टाका’ असा फोन आला तर ठेवून द्या, पुण्यातही हेच चालतं. बेळंदूरला बरेच फ्लॅटमालक परदेशात असतात. तसं असेल तर भाड्यातून टीडीएस, म्हणजे मालकाचा आयकर, कापून सरकारकडे भरायची जबाबदारी तुमच्यावर येते, भाडं कितीही कमी असलं तरी. सीएला विचारूनच हो म्हणा. मालक भारतातच राहणारा असेल आणि भाडं महिना 50,000 च्या वर असेल तर 2 टक्के.

सामानाकडे वळू. अंतर साडेआठशे किलोमीटरच्या आसपास, सातारा-कोल्हापूर-बेळगाव-हुबळी करत ट्रक येतो. स्वतंत्र गाडी महाग पडते पण दोन-तीन दिवसांत दारात. दुसऱ्याच्या सामानाबरोबर अर्धी गाडी घेतलीत तर स्वस्त, पण आठवडाही लागू शकतो आणि मध्ये गोदामात चढ-उतार होते. फुटतं ते बहुतेक तिथे. फोनवर भाव सांगणाऱ्याला सामान देऊ नका. घरी येऊन बघणारा, वस्तूंची यादी करणारा, जीएसटी बिल आणि बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, देणारा माणूस घ्या. सगळ्यात कमी कोटेशन देणाऱ्यांची एक ठरलेली खेळी असते: सामान चढलं की निपाणीच्या पुढे फोन येतो, ‘कर्नाटकचा बॉर्डर टॅक्स भरावा लागतोय, इतके हजार पाठवा, नाहीतर गाडी थांबेल.’ 2017 मध्ये जीएसटी आल्यापासून असा प्रवेशकर राहिलेला नाही, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलही, म्हणजे मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागत नाही. कोटेशनवरच लिहून घ्या की टोल, परमिट, मजला चढवणं, सगळं यात धरलंय. मोठा ट्रक दिवसा शहरात शिरू शकला नाही किंवा गल्लीत वळला नाही तर छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, करावा लागतो, त्याचे पैसे कोणाचे तेही आधी ठरवा. विम्याच्या नावाखाली ‘रिस्क चार्ज’ घेतात. पैसे देत असाल तर विमा कंपनीची पॉलिसी स्वतःच्या नावाने मागा, नुसत्या पावतीला काही अर्थ नाही.

फ्रंट लोड वॉशिंग मशीन असेल तर मागच्या बाजूचे ट्रान्झिट बोल्ट शोधून ठेवा. मशीन घेतल्यावर काढलेले ते लांब चार बोल्ट स्वयंपाकघराच्या कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये असतात. ते लावल्याशिवाय मशीन ट्रकमध्ये चढवलं तर ड्रम आतल्या आत आपटत येतो. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा, इकडे आल्यावर काही तास उभा ठेवून मग लावा. प्लायचे वॉर्डरोब आणू नका, उघडून पुन्हा जोडले की त्यांचे स्क्रू धरत नाहीत, शिवाय इथल्या बहुतेक फ्लॅटमध्ये भिंतीतली कपाटं असतात. घरघंटी मात्र जरूर आणा. ज्वारी इथे चांगली मिळते, उत्तर कर्नाटकातल्या मंडळींच्या कृपेने तयार भाकरीही मिळते, पण हवं तसं पीठ दळून देणारी गिरणी कोपऱ्यावर सापडत नाही.

गॅसचं सोपं आहे: पुण्यात सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून कागद आणि डिपॉझिट परत घ्या, इकडे तोच कागद दाखवून नवीन कनेक्शन. शेगडी तुमचीच. त्याआधी सोसायटीत पाइप गॅस आहे का, एवढं विचारा.

गाडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे तेच डोक्याला ताप देतं. मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी पुण्याच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, आणि महाराष्ट्राकडून उरलेल्या कराचा परतावा मागण्याची धावपळ. कर्नाटकचा कर देशातल्या चढ्या करांपैकी आहे. स्कूटर जुनी असेल तर पुण्यातच विका. कार नवीन असेल आणि इथे तीन-चार वर्षं राहणार असाल तर निघण्याआधीच एनओसीला अर्ज टाका, नंतर त्यासाठी पुण्याला खेप पडते.

शाळेचा दाखला घेताना विचारा की दुसऱ्या राज्यासाठी त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते का. काही शाळा इकडे प्रवेश देताना ती मागतात. कन्नड विषय असेलच, दुसरीतल्या मुलीला ते जड जाणार नाही, ती तुमच्याआधी बोलायला लागेल. कुठली शाळा बघताय आणि ती सीबीएसई आहे की दुसरं बोर्ड, ते खाली लिहा. त्या बाजूच्या सोसायट्यांत पाण्याची काय परिस्थिती आहे ते विचारून सांगतो.