अमेरिकेत छोटा कुत्रा दुकानात नेता येतो का? नकार दिला तर काय करायचं?

नेता येतो, पण दुकानदाराची हरकत नसेल तरच. कुत्रा पर्समध्ये मावणारा असला तरी तो तुमचा हक्क ठरत नाही. हक्क आहे तो फक्त सर्व्हिस डॉगला. १९९० च्या अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्टनुसार, मालकाच्या अपंगत्वाशी निगडित ठरावीक काम शिकवलेला कुत्रा अडवता येत नाही, मग तो चिहुआहुआसारख्या इवल्याशा जातीचा का असेना. हे काम उघड दिसत नसेल, तर कर्मचारी दोनच गोष्टी विचारू शकतात:

- हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का?
- त्याला कोणतं काम शिकवलंय?

कागदपत्रं मागता येत नाहीत, त्यामुळे ऑनलाइन विकली जाणारी प्रमाणपत्रं म्हणजे पैशांचा चुराडा. नुसता धीर देणारा 'इमोशनल सपोर्ट' कुत्रा यात बसत नाही. तुमचा साधा पाळीव असेल, तर नकार मिळाल्यावर हुज्जत न घालता बाहेर पडा. पुढच्या वेळी आधी फोन करून विचारा, आणि किराणा दुकान तर सोडूनच द्या. तिथे अन्नसुरक्षेचे नियम आडवे येतात. खोटं सांगून नेऊ नका, कॅलिफोर्नियात तो गुन्हा आहे. मात्र खरा सर्व्हिस डॉगही आवरत नसेल किंवा दुकानात घाण करत असेल, तर त्याला बाहेर न्यायला सांगता येतं.