कापसाच्या गोदामात कोणते अग्निशामक असावे?

प्रश्न : सेलू (जि. परभणी) येथे आमचे कापूस खरेदीचे गोदाम असून त्यात मोकळा कापूस आणि गाठी दोन्ही असतात. विक्रेत्याने एबीसी पावडरचे सहा किलोचे सिलिंडर बसवून दिले असून दरवर्षी त्यांवरचे स्टिकर बदलले जाते. एवढी व्यवस्था पुरेशी आहे का?

उत्तर : पुरेशी नाही. एबीसी पावडर घन, द्रव आणि वायू या तिन्ही प्रकारांच्या आगीवर चालते, परंतु कापसाची आग वरच्या ज्वाळेपुरती नसते. गाठीच्या पोटात शिरलेली ठिणगी बाहेर काहीही न दिसता तासन् तास धुमसत राहते आणि हवा मिळताच पुन्हा पेट घेते. पावडर ज्वाळा झटकन दाबते, पण आतली उष्णता काढून घेत नाही. ते काम पाण्याचे आहे. म्हणून गोदामात नऊ लिटरचे पाण्याचे अग्निशामक अवश्य ठेवावेत, शिवाय टाकी व लांब पाइप असावा, आणि आग विझल्यासारखी वाटली तरी ती गाठ मोकळ्या जागेत नेऊन, फोडून, पूर्ण भिजवावी. विजेच्या पॅनेलवर मात्र पाणी मारू नये. तेथे सीओटूचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचे, सिलिंडर हवे. त्याचा अवशेष उरत नाही, परंतु बंद खोलीत ते वापरल्यावर लगेच बाहेर पडावे, कारण त्या वायूने श्वास कोंडतो.

स्टिकर बदलणे म्हणजे देखभाल नव्हे, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. दर महिन्याला आपण स्वतः पाहावे, की दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे, पिन व सील शाबूत आहेत, बुडाला गंज चढलेला नाही आणि नळीच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर केलेले नाही. सीओटूच्या सिलिंडरला दाबमापक नसतो. त्याचे वजन करावे लागते आणि आतील वायू दहा टक्क्यांहून अधिक घटला असेल तर तो पुन्हा भरून घ्यावा लागतो. पावडर व पाण्याच्या सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी, तर सीओटूची दर पाच वर्षांनी करायची असते. त्या चाचणीची तारीख एजन्सीकडून लेखी मागावी. एकदा दट्ट्या थोडासा जरी दाबला गेला, तरी झडपेत पावडरचे कण अडकून दाब हळूहळू निघून जातो, त्यामुळे असे सिलिंडर भरून घेतल्याशिवाय पुन्हा टांगू नये. नवीन घेताना आयएस १५६८३ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह पाहावे.

सिलिंडर दाराजवळ, कोठूनही पंधरा मीटरच्या आत हाती येईल असे टांगावे. बारदान्याच्या थप्पीमागे किंवा वैशाखात तापणाऱ्या पश्चिमेच्या पत्र्याला लागून नको. सहा किलोची पावडर अर्ध्या मिनिटाच्या आत संपते, म्हणून हमाल व रखवालदार यांना ती ज्वाळेच्या शेंड्यावर नव्हे तर बुडाशी कशी मारायची, हे प्रत्यक्ष करून दाखवावे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र जानेवारी व जुलैमध्ये सादर करायचे असते.

प्रश्न : नांदेडला आमची विद्यार्थ्यांची मेस आहे. तळणाची कढई पेटली तर काय वापरावे?

उत्तर : पाणी मुळीच नको, उकळत्या तेलात ते क्षणात वाफ होऊन पेटते तेल अंगावर उडवते. गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवावे आणि ती हलवू नये. मोठ्या भटारखान्यासाठी खाद्यतेलाच्या आगीकरिता असलेले वेट केमिकलचे अग्निशामक घ्यावे. गॅसची नळीच पेटली असेल तर आधी रेग्युलेटर बंद करावा, कारण वायू सुरू असताना नुसती ज्वाळा विझवली तर खोलीत गॅस साचून स्फोट होऊ शकतो. रेग्युलेटरपर्यंत पोहोचता येत नसेल, तर मुलांना बाहेर काढून १०१ वर फोन करावा.