फर्स्ट क्लासच्या परीक्षेत पुन्हा नापास झालो, आता कसं सावरू?

तुम्ही लिहिलंय की घर नागपुरात आहे, मायनिंगची पदवी आहे, भूमिगत खाणीत नोकरी करता आणि कोळसा खाणीच्या फर्स्ट क्लास मॅनेजर सर्टिफिकेटच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झालात. बरोबरचे पास झाले, घरी अजून सांगितलेलं नाही, आणि पाळीवर जायची लाज वाटते. कन्हान-सावनेर पट्ट्यातल्या खाणींत माझी नोकरी झाली. ही परीक्षा मीही आधी नापास होऊनच पास झालोय, म्हणून लिहितो.

नोकरीची भीती आधी बाजूला ठेवा. सर्टिफिकेट नसेल तर कायद्याने मोठ्या खाणीचा मॅनेजर म्हणून नेमणूक होत नाही, एवढाच त्याचा थेट अर्थ. आज करताय ते काम त्यामुळे हातचं जात नाही. बढतीचा हिशेब प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. तो पर्सोनेल विभागात जाऊन विचारा, कँटीनमध्ये ऐकून ठरवू नका.

आता लाजेचं. तुमच्या हाताखालचा सरदार आणि ओव्हरमन (पाळीवर देखरेख करणारी माणसं) दोघेही आपापल्या सर्टिफिकेटची परीक्षा देऊनच तिथे उभे आहेत, आणि पहिल्या खेपेला न सुटलेले त्यांच्यातही कितीतरी आहेत. निकाल लागल्यावर मला सगळ्यात नीट वागवलं ते माझ्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे खाणीतल्या माझ्या विभागाच्या, ओव्हरमनने. ‘साहेब, चला, रिटर्नमध्ये गॅस बघायचाय,’ एवढंच म्हणाला (रिटर्न म्हणजे वापरलेली हवा बाहेर जाते ती वाट) आणि पुढे चालू लागला. त्या दिवशी मला दुसऱ्या कुठल्या बोलण्याची गरज नव्हती.

पदवीवाल्यांची खरी झुंज असते ती कायदा आणि सुरक्षिततेच्या पेपरशी. व्हेंटिलेशन, मशिनरी आपण कॉलेजात शिकलेलो असतो, कायदा मात्र पाठ करत बसतो. रात्रीची पाळी करून आल्यावर पाठ केलेलं टिकत नाही. त्यात 1957 च्या कोल माइन्स रेग्युलेशन्सच्या (कोळसा खाणींच्या नियमावलीच्या) जागी 2017 ची आली, कलमांचे क्रमांक बदलले, आणि सीनियरकडून मिळालेल्या जुन्या नोट्स अजूनही हातोहात फिरतात. तुमच्या नोट्स कुठल्या सालच्या आहेत ते आधी बघा. जुन्या असतील तर त्या देऊन टाका आणि 2017 ची रेग्युलेशन्सच हातात घ्या, सोबत डीजीएमएसची (खाण सुरक्षा महासंचालनालयाची) परिपत्रकंही.

माझं मत विचाराल तर हा पेपर खाली खाणीत उतरूनच सुटतो. एकच गोष्ट सविस्तर सांगतो. व्हेंटिलेटिंग डिस्ट्रिक्टच्या रिटर्नमध्ये ज्वलनशील वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन, 0.75 टक्क्यांवर जाता कामा नये, आणि खाणीत इतर कुठेही 1.25 टक्क्यांवर. त्याच्या पुढे गेला की त्या भागाची वीज तोडायची. नुसते पाठ केले तर हे दोन आकडे ऐन परीक्षेत हमखास अदलाबदल होतात. पण मिथेन हवेत साधारण 5 टक्क्यांपासून 15 टक्क्यांपर्यंत स्फोटक असतो, हे मनात ठेवून मिथेनोमीटर हातात धरा. मग दिसतं की कायद्याने धोक्याच्या पुष्कळ अलीकडे रेघ ओढलीय, कारण वीज तोडायला, माणसं मागे घ्यायला, ब्रॅटिसचा पडदा लावून हवा वळवायला वेळ लागतो. रिटर्नची मर्यादा कमी का, हेही तिथेच कळतं. त्या वाटेने सगळ्या डिस्ट्रिक्टची हवा एकत्र होऊन येते, आणि तिथे पाऊण टक्का दिसला म्हणजे आत एखाद्या फेसवर (कोळसा काढतात त्या जागी) त्याहून जास्त साचलेला असू शकतो. एवढं उमगलं की आकडे विसरायला होत नाहीत.

हवेचंही तसंच. सगळ्यात मोठ्या पाळीतल्या दर माणशी मिनिटाला 6 घनमीटर किंवा रोजच्या दर टन उत्पादनामागे मिनिटाला 2.5 घनमीटर, यातलं जे जास्त असेल तेवढी हवा डिस्ट्रिक्टला मिळायला हवी. तुमच्या डिस्ट्रिक्टची माणसं आणि टनेज तुम्हाला ठाऊक आहेत. हिशेब करा आणि तो अ‍ॅनिमोमीटरच्या (हवेचा वेग मोजायच्या यंत्राच्या) मापाशी ताडून बघा. वेट बल्ब तापमानाची (ओल्या कापडाच्या थर्मामीटरवरची) 33.5 अंशांची मर्यादा, गॅलरीची (कोळशात खोदलेल्या बोगद्यासारख्या वाटेची) 4.8 मीटर रुंदी आणि 3 मीटर उंची, या गोष्टी रोज तुमच्या अंगावरून जातात. पाळी संपली की त्या दिवशी बघितलेल्या दोन बाबींची कलमं घरी काढून वाचायची, बस्स.

पाण्याची कलमं वाचताना चासनाला आठवा. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळच्या त्या खाणीत जुन्या, पाण्याने भरलेल्या कामांचं (पूर्वी खोदून सोडलेल्या जागांचं) पाणी फुटून 375 माणसं गेली. पाणी असू शकेल अशा जुन्या कामाच्या 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही, ही ओळ मग प्रश्नपत्रिकेपुरती राहत नाही. आपल्या भागातही जुनी, सोडून दिलेली कामं आहेत. तुमच्या खाणीच्या नकाशावर ती कुठे आहेत हे सर्व्हेयरला दाखवायला सांगा. तास-दोन तास लागतील, पण त्यातून इनंडेशनची (खाणीत पाणी घुसण्याच्या विषयाची) निम्मी तयारी होते.

हे सगळं लगेच सुरू करू नका. आठवडाभर पुस्तकाला हात लावू नका. फक्त जे प्रश्न अडले ते आठवत आहेत तोवर एका कागदावर उतरवून ठेवा. बॅचच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडत असेल, तो काही दिवस म्यूट करा, त्यात कुणाचा अपमान नाही. मात्र झोप उडाली असेल, खाली असताना लक्ष लागत नसेल, तर ते लपवू नका. अशा अवस्थेत फेसवर जाणं तुम्हालाही धोक्याचं आणि सोबतच्या माणसांनाही. मॅनेजरला सांगून दोन दिवस रजा घ्या. नागपूरच्या मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फुकट बोलता येतं. जगण्यावरून मन उडाल्यासारखं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका, आत्ताच फोन करा.

घरी आजच सांगा. आई-बाबांना बहुधा ही परीक्षा काय आहे हेच नीट माहीत नसतं. मुलगा इंजिनिअर झाला, नोकरीला लागला, मग आता कसली परीक्षा? त्यांना सांगा की ती पास झालो की शेकडो माणसांच्या जिवाची जबाबदारी कायद्याने माझ्या सहीवर येणार आहे, म्हणून ती कठीण ठेवलीय. माझ्या बाबांना हे कळल्यावर त्यांनी पुन्हा कधी निकालाचं विचारलं नाही. मी दुसऱ्या पाळीहून यायचो तेव्हा जागे मात्र असायचे.

पुढच्या वेळी अर्ज भरण्याआधी फर्स्ट एड, गॅस टेस्टिंग आणि मेडिकल फिटनेस हे तिन्ही कागद काढून ठेवा आणि त्यांवरच्या तारखा तपासा. ऐनवेळी त्यासाठी धावाधाव झाली की अभ्यासाचे दिवस त्यातच जातात.